कोंबडी, कोक्सी आणि नॅनो

नॅनोटेक्नॉलॉजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोबाईलची चिप, कॅन्सरचं औषध, नाहीतर एकेकाळी रस्तोरस्ती दिसणारी ती छोटी गाडी! माझ्याही डोळ्यांसमोर हेच यायचं. पण गेल्या पावसाळ्यात मामांकडे गेले आणि तिथे या शब्दाची गाठ चक्क कोंबडीच्या विष्ठेशी पडली. हसू नका, पुढे वाचा.

माझ्या मामांची संगमनेर तालुक्यात पोल्ट्री आहे. पाच हजार पक्ष्यांचं एक शेड. करार पद्धत, म्हणजे पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, लाईट, पाणी आणि रात्रंदिवसाची मेहनत मामा-मामींची. लॉट उचलला गेला की वजनावर किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. खाद्य जास्त लागलं किंवा मर जास्त झाली की त्यातून कापले जातात.

मी गेले तेव्हा लॉट चोवीस दिवसांचा होता. सकाळी मामी शेडमधून आल्या त्या गप्पच. निपलची एक लाईन काही दिवसांपासून गळत होती. त्या बाजूच्या तुसाचा नुसता चिखल झाला होता आणि त्यावर लाल डाग दिसत होते. पक्षी पिसं फुगवून, पंख टाकून कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते. मामा एवढंच म्हणाले, "रक्ती हगवण. कोक्सी लागली."

सुपरवायझर तिसऱ्या दिवशी आला. पाण्यातून द्यायची पावडर देऊन गेला. तोपर्यंत दोनशेच्या वर पक्षी गेले होते. जे वाचले त्यांची वाढ खुंटली आणि खरा फटका तिथे बसला. संध्याकाळी खड्डा बुजवून हातपाय धुताना मामांनी मला विचारलं, "तू केमिकल इंजिनीअरिंग शिकतेस ना गं? ते पेपरात येतं नॅनो का काय, त्यात आमच्यासाठी काही आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. एक तर पुरेसं माहीत नव्हतं, आणि जे थोडंफार माहीत होतं ते मराठीत कसं सांगायचं तेच कळेना. केजीपासून सगळं इंग्लिशमध्ये शिकल्याचा परिणाम! हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसले. हा लेख म्हणजे मामांच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

शत्रूची ओळख

बर्ड फ्लू सगळ्यांना माहीत असतो. २००६ साली तो नवापूरला आला तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच चालू होतं. कोक्सी टीव्हीवर कधीच येत नाही. ती माणसाला होत नाही, आणि ती कुठून तरी 'येत' नाही. ती शेडमध्ये कायमच असते. पण तिचा खर्च ऐकाल तर चाट पडाल. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचे डेमर ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हिशोब मांडला. मर, घटलेली वाढ, औषधं आणि लशी हे सगळं धरून जगभरात वर्षाला सुमारे १०४० कोटी पौंड, तेही २०१६ च्या किमतींनुसार! आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली आणि त्यातली सव्वासात कोटींहून जास्त एकट्या महाराष्ट्रात होती. म्हणजे हा काही फक्त माझ्या मामांचा प्रश्न नाही.

या रोगाचं पूर्ण नाव कॉक्सिडिओसिस. तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. कोंबडीत त्याच्या सात जाती सापडतात आणि प्रत्येक जातीने आतड्याचा आपापला भाग वाटून घेतलेला आहे. रक्ती हगवण करणारी मुख्य जात म्हणजे आयमेरिया टेनेला. ती राहते अंधनालात. लहान आतडं जिथे संपतं तिथून दोन लांबट पिशव्या फुटलेल्या असतात, एका टोकाला बंद. म्हणून ते 'अंध' नाल.

आता या परजीवीचं चक्र आपल्या प्रोसेस फ्लो डायग्रामसारखं बघूया.

आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून ऊसिस्ट बाहेर पडतात. ऊसिस्ट म्हणजे कवचात बंद केलेलं परजीवीचं बीज. बाहेर पडताना तो कच्चा असतो आणि त्यापासून रोग होत नाही. पण ऊब, ओलावा आणि ऑक्सिजन या तीन गोष्टी मिळाल्या की एक-दोन दिवसांत तो पिकतो. त्याच्या आत चार कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन, असे आठ स्पोरोझॉइट तयार होऊन बसतात. दुसरा पक्षी तुसात चोच मारतो आणि हा माल त्याच्या पोटात जातो. गिझर्ड म्हणजे कोंबडीची अंगचीच चक्की, तिथे कवच फुटतं. पुढे पित्त आणि ट्रिप्सिन मिळून आतल्यांना मोकळं करतात. ते आतड्याच्या पेशींत घुसतात, आत वाढतात, पेशी फोडून शेकड्यांनी बाहेर येतात आणि नव्या पेशींत घुसतात. टेनेलाची दुसरी पिढी आतड्याच्या अस्तरात खोलवर वाढते, त्यामुळे ती फुटते तेव्हा रक्त येतं. हे होतं साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. शेवटी नर-मादी रूपं तयार होऊन नवे ऊसिस्ट बनतात आणि विष्ठेतून पुन्हा तुसात पडतात. अख्खं चक्र जेमतेम आठवड्याचं. एका ऊसिस्टपासून हजारो नवे बनू शकतात! चक्रवाढ व्याज कशाला म्हणतात ते इथे कळतं.

या चक्रातल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्यांच्यावर उभा आहे.

एक, बाहेर असताना परजीवी कवचात असतो आणि ते कवच भयंकर चिवट असतं. किती चिवट? प्रयोगशाळेत ऊसिस्ट स्वच्छ करायला चक्क ब्लीचचं पाणी वापरतात आणि ते साठवून ठेवतात पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात. जंतू त्यात मरतात, ऊसिस्ट मात्र मजेत राहतात. म्हणजे शेडमध्ये नेहमीचं जंतुनाशक फवारून त्यांचं काहीच वाकडं होत नाही.

दोन, आत असताना परजीवी पक्ष्याच्या पेशीत लपलेला असतो, आणि टेनेलाच्या बाबतीत तर आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला. औषध तिथपर्यंत पोचायला हवं.

आत्तापर्यंतची हत्यारं

१९३९ साली अमेरिकेत पी. पी. लेविन यांनी दाखवलं की सल्फा औषधाने कोक्सी आटोक्यात येते. १९४८ मध्ये सल्फाक्विनोक्झालिन खाद्यात मिसळून रोज द्यायची पद्धत सुरू झाली. आजार झाल्यावर औषध देण्याऐवजी आधीपासूनच थोडं थोडं द्यायचं, ही त्यातली नवी कल्पना होती. १९७१ मध्ये अमेरिकेत मोनेन्सिन आलं आणि पोल्ट्रीचं चित्रच बदललं.

मोनेन्सिन काम कसं करतं ते आपल्या लोकांना आवडेल. हे औषध म्हणजे सोडियमचा हमाल. सोडियमचे आयन उचलायचे आणि परजीवीच्या पेशीत नेऊन टाकायचे. परजीवी बिचारा एटीपी जाळून ते सोडियम बाहेर उपसत बसतो. उपसा कमी पडला की सोडियमच्या मागोमाग पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. गळक्या होडीतून पाणी उपसणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. मात्र हाच हमाल घोड्याच्या पोटात थोडा जरी गेला तरी घोडा दगावू शकतो. औषध कुणाला, किती आणि कुठे, यावर सगळं अवलंबून असतं हे यातून शिकायचं.

मग अडचण कुठे आहे? रेझिस्टन्स! आयमेरियाच्या आयुष्यातला बहुतेक काळ त्याच्याकडे क्रोमोझोमचा एकच संच असतो, त्यामुळे एखादं म्युटेशन झालं की ते लपून राहत नाही, लगेच कामाला लागतं. त्यात चक्र आठवड्याचं आणि पिल्लावळ हजारोंची. एकच औषध लॉटमागून लॉट वापरलं की त्याला दाद न देणारे परजीवीच मागे उरतात. म्हणून औषधं आलटून पालटून वापरतात. लशीही आहेत. जिवंत ऊसिस्टच अगदी मोजून पिल्लांना द्यायचे. हॅचरीत रंगीत फवारा मारतात आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे रंगीत थेंब टोचून खातात. कल्पना झकास आहे! पण तिचा खर्च औषधापेक्षा जास्त, आणि चाळीस दिवसांत विकायच्या ब्रॉयलरला तो परवडेलच असं नाही.

इथे नॅनोचा प्रवेश होतो.

नॅनो म्हणजे नेमकं किती?

रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात ते प्रसिद्ध भाषण दिलं. अगदी खालच्या पातळीवर भरपूर जागा शिल्लक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द मात्र जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. १ ते १०० नॅनोमीटर या मापाच्या वस्तूंना आपण साधारणपणे नॅनो म्हणतो.

हे माप डोळ्यांसमोर आणूया. टेनेलाचा ऊसिस्ट सुमारे २२ मायक्रॉन लांब असतो. समजा, तो फुगवून आपल्या ग्राउंडवरच्या क्रिकेटच्या पिचएवढा, म्हणजे २० मीटर केला. त्याच प्रमाणात ८० नॅनोमीटरचा कण फुगवला तर तो होईल क्रिकेटच्या बॉलएवढा! पिच आणि बॉल, एवढा फरक.

लहान करून फायदा काय? पृष्ठभाग. एक सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. आता त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन करा. माल तेवढाच, पण पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. अगदी प्रश्नपत्रिकेत येईल असं गणित आहे, करून बघा. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते, विरघळणंही पृष्ठभागावरूनच होतं. नॉयस-व्हिटनी समीकरणही हेच सांगतं: पदार्थ विरघळण्याचा वेग त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नॅनोमध्ये जादू नाही, आपल्या सेकंड इयरचं मास ट्रान्सफर आहे!

वाट पहिली : कणच मारेल

पहिली कल्पना सरळ आहे. झिंक ऑक्साइड, चांदी, सेलेनियम यांचे नॅनोकण पक्ष्याला द्यायचे. या कणांमधून धातूचे आयन सुटतात, काही कण ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतात आणि परजीवीचं नुकसान होतं. यावर बरेच पेपर आहेत. उदाहरणार्थ, रियाधच्या किंग सौद विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ऊसिस्टची संख्या कमी झाली आणि आतड्याची इजाही कमी झाली.

मी हा पेपर वाचून उड्या मारत रूममेटला सांगायला गेले. तिने एकच प्रश्न विचारला, "कोंबडी होती का?" परत येऊन नीट वाचलं. उंदीर होते! परजीवीही उंदरांत होणारी आयमेरियाची वेगळी जात, आयमेरिया पॅपिलाटा. प्रयोग चांगलाच आहे, पण उंदराला गिझर्ड नसतं आणि उंदीर तुसावर चोच मारत फिरत नाही.

इथे आणखी एक साधी गोष्ट अडते, बारावीच्या केमिस्ट्रीतली. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. कोंबडीच्या जठरात आणि गिझर्डमध्ये आम्ल असतं. म्हणजे आपण एवढ्या कष्टाने बनवलेला नॅनोकण अंधनालापर्यंत 'कण' म्हणून पोचेलच याची खात्री काय? त्यातला बराचसा भाग वाटेतच साध्या झिंकच्या आयनांत बदलेल. झिंक पक्ष्याला लागतंच, त्यामुळे तब्येत सुधारेलही, पण मग ती करामत नॅनोची की झिंकची? प्रयोगात साध्या झिंक ऑक्साइडचा वेगळा गट ठेवल्याशिवाय हे कळणार नाही. चांदीची अडचण वेगळी. ती जंतुनाशक आहे, पण आतड्यातले चांगले जंतू कोणते आणि वाईट कोणते हे तिला कळत नाही.

वाट दुसरी : कण हमाल होईल

दुसरी कल्पना मला जास्त पटली. औषध जुनंच ठेवायचं, फक्त त्याची गाडी बदलायची.

आजारी पक्षी खाणं सोडतो, पण पाणी पितो. हे मामांनाही माहीत होतं. म्हणून रोग लागल्यावर औषध पाण्यातून देतात. पण टोल्ट्राझुरिल, डायक्लाझुरिल यांसारखी चांगली औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत. ती द्रावणात आणायला दुसरे सॉल्व्हंट मदतीला घ्यावे लागतात. अशा औषधाचे नॅनोकण केले किंवा नॅनो-इमल्शन केलं, की पृष्ठभाग वाढतो, विरघळण्याचा वेग वाढतो आणि कमी औषधात काम होण्याची शक्यता निर्माण होते. कमी औषध म्हणजे कमी खर्च आणि मांसात कमी अंश.

आता अंधनालाची एक गंमत ऐका. त्याच्या तोंडाशी जणू गाळणी बसवलेली असते. तिथून पातळ द्रव आणि अगदी बारीक कण तेवढे आत जातात, जाडंभरडं सगळं पुढे निघून जातं. म्हणजे टेनेलाच्या घरात शिरायचं असेल तर लहान असणं हाच पास आहे. आकार लहान असण्याचा खरा उपयोग मला इथे दिसला.

उरला प्रश्न आम्लाचा. त्यावर उपाय म्हणून पॉलिमरचं वेष्टण असतं. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांपासून कायटोसान मिळतं. ते आम्लात विरघळतं, म्हणून एकटं पुरत नाही. समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट आम्लात आकसून घट्ट राहतं आणि पुढे आतड्यात आम्लता कमी झाली की सैल पडतं. दोघांची जोडी जमवली तर माल आम्लातून सुखरूप नेऊन पुढे उतरवता येतो. अशाच कणांवर परजीवीचं एखादं प्रोटीन बसवून लस करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. कोळंबीची टरफलं आपल्या कोकणात काही कमी नाहीत, तेव्हा या वाटेवर काम करायला कुणी केमिकलवाला तयार असेल तर मी पार्टनर व्हायला तयार आहे!

वाट तिसरी : कण खबर देईल

मामांच्या शेडमध्ये रोग कळला तो रक्त दिसल्यावर. तेव्हा आतमध्ये पाच दिवसांचं काम होऊन गेलेलं होतं. लॅबमध्ये विष्ठा नेऊन मायक्रोस्कोपखाली ऊसिस्ट मोजतात, पण ऊसिस्ट दिसायला लागतात तेही चक्राच्या शेवटीच. मेलेला पक्षी उघडून आतड्याची इजा ० ते ४ अशा मार्कांत मोजण्याची पद्धत आहे. जॉन्सन आणि रीड यांनी ती १९७० मध्ये घालून दिली आणि ती अजून चालते. पण त्यासाठी पक्षी आधी मरावा लागतो.

आपण सगळ्यांनी कोविडची घरी करायची टेस्ट बघितली आहे. त्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. एवढ्या लहान मापात सोनं पिवळं न दिसता लाल दिसतं. अशीच पट्टी विष्ठेतला परजीवीचा अंश लवकर ओळखू शकली, तर निपल गळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मामांना कळेल. पट्टी पक्ष्याच्या पोटात जात नाही, मांसात अंश राहत नाही, शेतात काही सांडत नाही. तिन्ही वाटांमध्ये सगळ्यात कमी धोक्याची वाट हीच वाटते.

७०० ग्रॅमचा हिशोब

आता पुन्हा पहिल्या वाटेकडे येऊया, कारण बाजारात 'नॅनो' हा शब्द सगळ्यात आधी तिथेच विकला जाईल. समजा, झिंक ऑक्साइडचे नॅनोकण किलोभर खाद्यात ४० मिलिग्रॅम या प्रमाणात घातले. एक ब्रॉयलर विकेपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. पाच हजार पक्षी, म्हणजे साडेसतरा टन खाद्य. गुणाकार केला की एका लॉटमागे ७०० ग्रॅम झिंक ऑक्साइड. ऐकायला थोडं वाटतं. पण वर्षाला पाच-सहा लॉट होतात आणि यातला मोठा भाग विष्ठेतून तुसात जातो. ते तूस कुठे जातं? खत म्हणून शेतात! मामांचं पोल्ट्री खत शेजारचे टोमॅटोवाले नेतात. धातू कुजत नाही, जमिनीत साठत जातो. युरोपात डुकरांच्या पिल्लांना हगवणीसाठी झिंक ऑक्साइडचे मोठे डोस द्यायचे. ते जून २०२२ पासून बंद केले, त्यामागे हेच कारण होतं: जमिनीतला साठा आणि जंतूंमधला रेझिस्टन्स. तिथले डोस यापेक्षा कितीतरी मोठे होते हे खरं, पण हिशोब करायची सवय आपण आधीच लावून घ्यायला काय हरकत आहे?

भारतात २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. म्हणजे 'नॅनो आहे' एवढं सांगून चालणार नाही, ते सुरक्षित आहे हे दाखवावं लागेल, ही दिशा तरी ठरली आहे.

एक उदाहरण मात्र असं आहे जिथे बारीक कण आत्ताच कामाला लागले आहेत. युरोपात अंड्यांच्या कोंबड्यांना लाल माइट नावाची रक्तपिपासू कीड सतावते. तिच्यावर सिलिकाची पूड वापरतात. तिचे मूळ कण नॅनो मापाचे, पण ते एकमेकांना चिकटून मोठे गोळे झालेले असतात. ही पूड विष नाही. ती किडीच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि कीड सुकून मरते. पण हवेत दमटपणा वाढला की पुडीचा परिणाम कमी होतो, आणि शेडमध्ये काम करणाऱ्याने नाकाला मास्क लावलाच पाहिजे. बघा, इथेही शेवटी गोष्ट ओलाव्याशीच येऊन थांबली.

मामांना उत्तर

दिवाळीत मामांकडे गेले तेव्हा वही घेऊनच गेले. म्हटलं, "मामा, उत्तर आणलंय." मामी चहा टाकत होत्या, त्याही येऊन बसल्या.

मी सांगितलं की आज दुकानात जाऊन कोक्सीसाठी 'नॅनो' लिहिलेली बाटली घ्यावी असं मला वाटत नाही. उद्या कुणी विकायला आलंच तर त्याला पाच प्रश्न विचारा. प्रयोग कोंबडीवर केला का? तो लॅबच्या पिंजऱ्यात केला की तुसावर, अख्ख्या लॉटभर? साध्या औषधाशी तुलना केली का? मांसात आणि काळजात किती अंश उरतो? आणि एका पक्ष्यामागे किती पैसे पडतात? पाचांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर चहा पाजून परत पाठवा. मामा हसले. शेवटचा प्रश्न त्यांना सगळ्यात आवडला.

मग मी वहीतली चक्राची आकृती दाखवली. ऊब, ओलावा, ऑक्सिजन. ऊब काढता येत नाही, पिल्लांना ती लागतेच. ऑक्सिजनही काढता येत नाही. तिन्हींपैकी आपल्या हातात आहे एकटा ओलावा. ऊसिस्टचं कवच फोडायला जग नॅनोकण शोधतंय, पण मुळात पिकायला त्याला ओलावा लागतो. तुमच्या शेडमध्ये निपल गळली आणि तिथेच डाग दिसले. तूस रोज हलवायचं, ओलं झालेलं लगेच उचलायचं, निपलची उंची पक्ष्यांबरोबर वाढवायची आणि गळती त्याच दिवशी बंद करायची. यातलं काहीच नवीन नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मला ठाऊक होतं गं. वायसर संपले होते. म्हटलं बाजारच्या दिवशी आणू."

मला काय बोलावं सुचेना. मी त्यांना दोष देत नाहीये. एका माणसाने पाच हजार जीव, लाईटचं वेळापत्रक आणि बँकेचा हप्ता सांभाळायचा म्हटल्यावर एखादा वायसर राहून जातोच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. आपण इंजिनीअर लोक प्रश्नाच्या सगळ्यात चकचकीत टोकाकडे आधी धावतो. नॅनोकणाची वाट खरी आहे, विशेषतः औषध पोचवण्याची आणि रोग लवकर ओळखण्याची, आणि तिच्यावर काम व्हायलाच हवं. पण तिला हरवायचंय कुणाला? एका वायसरला आणि कोरड्या तुसाला. जे तंत्रज्ञान त्यांच्यापेक्षा स्वस्त किंवा त्यांच्याइतकं खात्रीचं होईल, तेच मामांच्या शेडमध्ये टिकेल.

मी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दोन विषय लिहून ठेवले आहेत. एक, अल्जिनेट-कायटोसानचे कण आम्लात किती टिकतात ते मोजणं. दुसरा, तुसातला ओलावा मोजून मामांच्या मोबाईलवर मेसेज पाठवणारा साधा सेन्सर. सरांनी पहिला विषय बघून शाबासकी दिली. मामांनी दुसरा बघून विचारलं, "कधी बसवतेस?"

दोन्ही करायचा विचार आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांपैकी कुणी येणार का?